हाली रुपयाचे ठसाभेद : ओळख आणि गणना

जुन्या चांदीच्या नाण्याचा अभ्यास दोन पातळ्यांवर होतो. पहिल्या पातळीवर नाण्याचा प्रकार ठरवला जातो, म्हणजे ते कोणत्या राजवटीचे, कोणत्या टांकसाळीचे, कोणत्या वर्षाचे आणि किती किमतीचे आहे हे पाहिले जाते. दुसऱ्या पातळीवर, एकाच प्रकारची आणि वरवर अगदी सारखी दिसणारी दोन नाणी एकाच ठशातून निघाली की वेगवेगळ्या ठशांतून, याचा शोध घेतला जातो. ठसा म्हणजे ज्यावर नाण्याचे चिन्ह आणि मजकूर उलटा व खोलगट कोरलेला असतो तो साचा, ज्याला यंत्रयुगातल्या टांकसाळीत डाय म्हणू लागले. त्या ठशाने चांदीच्या चकतीवर उमटते ती छाप. आणि एकाच प्रकारच्या नाण्यांमध्ये ठसा बदलल्यामुळे जे बारीक पण निश्चित फरक दिसतात ते ठसाभेद. हे फरक ओळखणे, त्यांना क्रमांक देणे आणि त्यांची संख्या ठरवणे हा प्रस्तुत लेखनाचा विषय असून, त्यासाठी निवडलेले नाणे म्हणजे जालना जिल्ह्यातल्या जुन्या घरांत देवघरापासून तिजोरीपर्यंत जपला गेलेला हैदराबाद संस्थानचा हाली रुपया होय.

या अभ्यासाचे सर्वांत विस्तृत उदाहरण अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरचे आहे. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेला मॉर्गन डॉलर आणि १९२१ ते १९३५ या काळात पाडलेला पीस डॉलर यांचे ठसाभेद लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस या दोन अभ्यासकांनी भिंगाखाली तपासून क्रमवार नोंदवले, आणि आज जगभरचे संग्राहक त्यांच्याच क्रमांकांनी ती नाणी ओळखतात. १८७८ च्या डॉलरवरील गरुडाच्या शेपटीत आरंभी आठ पिसे होती, पुढे ती सात करण्यात आली, आणि मधल्या काळात आठ पिसांच्या ठशांवरच सात पिसांची आकृती दाबून वापरल्यामुळे काही नाण्यांवर वरच्या सात पिसांखालून जुन्या पिसांची टोके डोकावतात. एवढ्या एका तपशिलावरून टांकसाळीत निर्णय कसा बदलला, जुने ठसे टाकून न देता ते कसे सुधारले गेले आणि घाई किती होती, हे कळते. प्रकारावरून राज्य कोणाचे होते ते समजते आणि ठशांवरून टांकसाळ कशी चालत होती ते समजते, हे या शास्त्राचे सार आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला आणि परभणी जिल्ह्यातला परतूरचा भाग त्याला जोडला गेला. परंतु नाण्यांच्या दृष्टीने हा सारा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला, म्हणजे हाली चलनाच्या मुलखातला होता. हाली म्हणजे चालू असलेला, प्रचलित. याउलट इंग्रजी हिंदुस्थानचा यंत्रावर पाडलेला रुपया कलदार म्हणून ओळखला जाई, आणि जालन्यासारख्या बाजारपेठेत ही दोन्ही नाणी एकमेकांना भिडत. कुंडलिका नदीच्या काठचे हे गाव व्यापाराने इतके संपन्न होते की ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात येथे फौजेची छावणी होती, आणि १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाल्यावर इथल्या कापसाला मुंबईची वाट अधिक मोकळी झाली. साहजिकच मुंबईशी होणारा हिशेब कलदारात आणि गावातला हिशेब हालीत, अशा दुहेरी व्यवहारात सराफाच्या पारखीला महत्त्व आले.

या दोन रुपयांचा भाव केवळ बाजाराच्या लहरीवर ठरलेला नव्हता, हे धातूच्या हिशेबावरून दिसते. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यातली चांदी सुमारे ९१.७ टक्के, तर यंत्रावर पाडलेल्या हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम आणि हालीत सुमारे ९.१४ ग्रॅम. या दोन आकड्यांचे प्रमाण जवळजवळ साताला सहा येते, आणि सहा कलदार म्हणजे सात हाली हाच सरकारी विनिमयाचा दर होता. हे प्रमाण ठसाभेदांच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते, कारण वजन आणि धातू यांत न बसणारे नाणे कितीही वेगळे दिसले तरी त्याला नव्या ठशाचा मान देण्याआधी ते अस्सल आहे की नाही हे तपासावे लागते.

हाली रुपयाचा इतिहास ठशांच्या दृष्टीने दोन कालखंडांत विभागतो. पहिला कालखंड हातठशांचा आहे. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे, त्यावर वजनात बसवलेली चांदीची चकती ठेवली जाई, वर दुसरा ठसा धरून घणाचा घाव घातला जाई, आणि एका घावात नाण्याच्या दोन्ही बाजू उमटत. घाव थेट सोसणारा वरचा ठसा लवकर झिजे किंवा फुटे, तर खालचा ठसा तुलनेने अधिक टिके. म्हणून एका खालच्या ठशाबरोबर अनेक वरचे ठसे वापरलेले आढळतात. प्रत्येक ठसा कारागिराने स्वतंत्रपणे हाताने कोरलेला असल्यामुळे अक्षरांचा कल, टिंबांची जागा, रेघांची जाडी आणि अंकांची ठेवण दर ठशागणिक बदलते, आणि याच बदलांवर ठशांची ओळख उभी राहते.

या काळातल्या नाण्यांवरचा मजकूर फारसी लिपीत आहे आणि तो वाचण्याची किल्ली थोडक्यात सांगता येते. १८५७ पर्यंत ही नाणी दिल्लीच्या मोगल बादशहाच्या नावाने पाडली जात; बहादूरशहा पदच्युत झाल्यानंतर त्याच्या नावाची जागा ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादुर’ या घराण्याच्या मूळ पुरुषाच्या किताबाने घेतली, आणि त्यासोबत ९२ हा अंक आला, जो अरबी अक्षरांना संख्यामूल्य देण्याच्या अबजद पद्धतीनुसार ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची बेरीज आहे. नंतरच्या सर्वच निजामांच्या नाण्यांवर तोच किताब राहिल्यामुळे नाणे नेमके कोणाच्या कारकिर्दीतले हे मजकुरातल्या नावावरून कळत नाही; ते कळते वर्षावरून आणि राज्यकर्त्याच्या नावाच्या आद्याक्षरावरून, जसे अफजलुद्दौलाचे अलिफ आणि महबूब अली खानाचे मीम. टांकसाळीच्या गावालाही एक बिरुद जोडलेले असते: हैदराबादसाठी ‘फर्खुंदा बुनियाद’ आणि औरंगाबादसाठी ‘खुजिस्ता बुनियाद’, आणि दोहोंचा आशय शुभ पायावर वसलेले नगर असाच आहे. जालना औरंगाबादच्या सुभ्यातले असल्यामुळे या दुसऱ्या बिरुदाची जुनी नाणीही या परिसराच्या इतिहासाचा भाग आहेत.

हातठशाच्या नाण्याची मुख्य अडचण अशी की ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे ठशावरचा पूर्ण मजकूर एका नाण्यावर कधीच मावत नाही. एका नाण्यावर वर्षाचे शेवटचे दोन अंक दिसतात आणि टांकसाळीचे नाव कडेबाहेर राहते, तर दुसऱ्यावर टांकसाळ दिसते आणि वर्ष जाते. ही दोन नाणी एकाच ठशाची आहेत हे दोहोंवर उमटलेल्या सामाईक भागावरून सिद्ध झाले, तर दोन्ही मिळून ठशाचा मोठा भाग पुन्हा मांडता येतो आणि एरवी अपुरे ठरणारे नाणेही वर्षवार लावता येते. मात्र ही सिद्धता एका अक्षराच्या साम्यावर होत नाही. एकमेकांपासून दूर असलेली निदान तीन स्थाने, उदाहरणार्थ एखादे टिंब, एखाद्या अक्षराचे टोक आणि ९२ मधला एक अंक, यांच्यातली अंतरे आणि कोन दोन्ही नाण्यांवर तंतोतंत जुळले पाहिजेत; कारागिराच्या हातून दुसऱ्यांदा कोरताना एक जागा जुळू शकते, परंतु तिन्ही जागा योगायोगाने जुळणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरा कालखंड यंत्राचा. १८०३ मध्ये हैदराबादच्या सुलतानशाही भागात स्थापन झालेली टांकसाळ १९०३ मध्ये सैफाबादला नव्या यंत्रांसह हलवण्यात आली. त्याच वास्तूत २०२२ पासून नाण्यांचे संग्रहालय लोकांसाठी खुले आहे. या टांकसाळीतून चारमिनारचे चित्र असलेला रुपया निघाला, जो महबूब अली खानाच्या नावावरून महबूबिया आणि पुढे मीर उस्मान अली खानाच्या काळात उस्मानिया म्हणून ओळखला गेला. येथे प्रत्येक ठसा हाताने नव्याने कोरलेला नसतो. एका मूळ आकृतीवरून अनेक कार्यठसे, म्हणजे प्रत्यक्ष नाणी पाडणारे ठसे, दाबून तयार केले जातात. त्यामुळे अक्षरांची ठेवण सर्व नाण्यांवर सारखीच दिसते आणि भेद शोधण्यासाठी नजर वेगळ्या ठिकाणी वळवावी लागते.

असे पहिले ठिकाण चारमिनारच्या मधल्या कमानीतले अक्षर. महबूब अली खानाच्या नाण्यांवर तेथे मीम आहे. २९ ऑगस्ट १९११ रोजी उस्मान अली खान गादीवर आल्यावर तेथे ऐन हे अक्षर आले. परंतु आरंभीच्या नाण्यांवर हे ऐन आखूड, केवळ त्याच्या सुरुवातीच्या वळणाइतके आहे आणि नंतरच्या नाण्यांवर ते पूर्ण लिहिलेले आहे. नाण्यांच्या सूचींमध्ये हे दोन प्रकार स्वतंत्र नोंदवले जातात, आणि साध्या भिंगाने ओळखता येणारा हा भेद नवशिक्याने सर्वप्रथम शिकावा असा आहे.

दुसरे ठिकाण वर्षाच्या अंकांचे. चारमिनारच्या बाजूला हिजरी वर्ष असते आणि दुसऱ्या बाजूला ‘सन जुलूस’, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, असते. हिजरी वर्ष चांद्रमानाचे, सुमारे ३५४ दिवसांचे, आणि मोहरमपासून सुरू होणारे; जुलूसाचे वर्ष मात्र राज्यारोहणाच्या तिथीपासून सुरू होणारे. उस्मान अली खानाचे राज्यारोहण हिजरी १३२९ च्या रमजानमध्ये झाल्यामुळे त्याचे पहिले जुलूस-वर्ष १३२९ च्या रमजानपासून १३३० च्या रमजानपर्यंत पसरते, म्हणून १३३० हे हिजरी वर्ष तत्त्वतः पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही जुलूस-वर्षांबरोबर येऊ शकते. दोन्ही बाजूंची वर्षे एकत्र नोंदवल्याशिवाय अशा नाण्यांची वर्गवारी अपुरी राहते. आणि एखाद्या नाण्यावर एकमेकांशी न जुळणारी जोडी आढळली, तर मागील वर्षाचा शिल्लक ठसा पुढे वापरला गेला असे अनुमान करता येते. ज्यांना देवनागरी अंकांची सवय आहे त्यांच्यासाठी येथे एक सापळा आहे: या अंकलिपीत शून्य टिंबाने दाखवले जाते आणि पाचाचा आकार देवनागरी शून्याच्या जवळचा असतो, त्यामुळे पाचाला शून्य समजून वर्ष चुकीचे लावले जाते. शिवाय मराठवाड्यातील जुनी महसुली कागदपत्रे फसली सनात असतात, ज्यात ५९० मिळवल्यास इसवी सन साधारण मिळतो. कागदावरचा फसली सन आणि नाण्यावरचा हिजरी सन एकच मानल्यास हिशेब अनेक वर्षांनी चुकतो.

तिसरे ठिकाण ठशाच्या आयुष्याचे. अंक दुसऱ्यांदा ठोकल्यामुळे त्याच्या कडेला दिसणारी सावलीसारखी रेघ, दोन ठसे चकतीविना एकमेकांवर आदळल्यामुळे एकाच्या आकृतीचा दुसऱ्यावर उमटलेला अस्पष्ट भाग, आणि पोलादाला पडत गेलेली चीर या सर्व खुणा त्या ठशापुरत्या असतात. चीर दिवसेंदिवस वाढत जाते, म्हणून लहान चिरेचे नाणे आधीचे आणि लांब चिरेचे नाणे नंतरचे असा क्रम लावता येतो. अशा वेळी ठसा एकच आणि अवस्था अनेक असतात, आणि या अवस्थांना वेगवेगळे ठसे समजून मोजल्यास गणना फुगते.

ठशाची खूण कोणती आणि नाण्याला नंतर झालेली इजा कोणती, हे ओळखण्याचा नियम सोपा आहे. ठशावरची चीर खोलगट असते, म्हणून ती नाण्यावर उंचवट्याच्या रूपाने उमटते. नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो. दख्खनच्या रुपयांवर अनेकदा लहान लहान फुले, चांदण्या किंवा टिंबे ठोकलेली दिसतात. ती सराफांनी नाणे पारखल्याची निशाणी आहे आणि तिचा टांकसाळीच्या ठशाशी संबंध नाही, तरी बाजाराच्या इतिहासासाठी ती स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगी आहे. माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीचा डाग, पाडलेले भोक, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंचेने घासून झिजलेली अक्षरे यांनाही ठसाभेद समजू नये. ओतीव नकली नाण्यांवर अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात आणि कडेवर सांध्याची रेघ आढळू शकते. चांदी आणि तांब्याच्या मिश्रणातील अस्सल हाली रुपयाचे विशिष्ट गुरुत्व १०.२ च्या आसपास यायला हवे, आणि पाण्यात तोलून ते घरच्या घरी तपासता येते.

ओळख पटल्यावर गणना येते. पुढच्या बाजूच्या ठशांना पु१, पु२ आणि मागच्या बाजूच्या ठशांना मा१, मा२ असे क्रमांक देऊन प्रत्येक नाणे एका जोडीने नोंदवावे. पु१ हा मा१ आणि मा२ या दोघांबरोबर आला, आणि मा२ पुन्हा पु२ बरोबर आला, तर या चारही ठशांची एक साखळी तयार होते. तिच्यातली सारी नाणी एकाच टांकसाळीची आणि जवळपासच्या काळातली ठरतात, मग त्यांपैकी काहींवर वर्ष दिसत नसले तरी चालते. वर्षवार उत्पादनाचा आकडा हातठशाच्या नाण्यावर लिहिलेला नसतो. तो अंदाजाने सांगण्याचे हेच साधन आहे.

हाती आलेल्या नाण्यांवर टांकसाळीतले सर्व ठसे दिसतीलच असे नाही, म्हणून न दिसलेल्या ठशांचाही अंदाज करावा लागतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये मांडलेली रीत येथे कामी येते. समजा, एकाच प्रकारची १२० नाणी तपासली, त्यांत पुढच्या बाजूचे ४० ठसे आढळले आणि त्यांपैकी १८ ठसे प्रत्येकी एकाच नाण्यावर दिसले. एकेकट्या ठशांची ही १८ संख्या १२० ने भागली की १५ टक्के येतात. म्हणजे पुढचे नाणे आतापर्यंत न दिसलेल्या ठशाचे असण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, आणि माहीत असलेल्या ठशाचे असण्याची ८५ टक्के. ४० ला ०.८५ ने भागल्यास सुमारे ४७ येतात, म्हणून मूळ ठसे निदान तितके असावेत असे म्हणता येते. मात्र सर्व नाणी एकाच हंड्यातली असतील तर तेच ते ठसे पुन्हा पुन्हा येतात आणि अंदाज उणा पडतो, म्हणून नमुना निरनिराळ्या गावांतून आणि घरांतून जमवावा लागतो.

येथे एक मर्यादा पाळणे आवश्यक आहे. एका हातठशातून किती नाणी निघत याचे अंदाज काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत पसरलेले आहेत, त्यामुळे ठशांच्या संख्येला एखाद्या ठरावीक आकड्याने गुणून एकूण नाणी सांगणे हे शास्त्रीय वाटले तरी शास्त्रीय नाही. प्राचीन नाण्यांचे अभ्यासक थिओडोर बट्री यांनी अशा गुणाकारावर कठोर टीका केली होती. ठशांची गणना तुलनेसाठी विश्वसनीय आहे: अमुक वर्षी तमुक वर्षाच्या दुप्पट ठसे वापरले गेले, हे विधान टिकते.

या कामाची परंपरा महाराष्ट्राला आणि हिंदुस्थानला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा उमटवलेली होती. तेव्हाच अभ्यासकांच्या लक्षात आले की नहपानाचा चेहरा नाण्यानाण्यावर वेगळा आहे. इंग्रजी काळातल्या १८४० च्या रुपयावर तेच वर्ष १८६२ पर्यंत कायम राहिल्यामुळे त्यावरील पुष्पमालेतील बोरांसारखे दाणे १९, २०, २८, ३४ की ३५ आहेत हे मोजून ठसे वेगळे करतात. आणि १८६२ हे वर्षही पुढे दहा-अकरा वर्षे बदलले नाही, म्हणून मुंबई टांकसाळीने त्याच्या आसपास ठेवलेली टिंबे मोजून नाण्याचे खरे वर्ष ठरवतात. मराठ्यांच्या टांकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे कार्य या परंपरेतलेच आहे. खुद्द जालना जिल्ह्यात भोकरदन येथील, म्हणजे प्राचीन भोगवर्धन येथील, उत्खननाने सातवाहनकालीन व्यापारी नगर उजेडात आणले; दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांना मिळालेली शिस्तबद्ध नोंद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रुपयालाही मिळायला हवी.

ही नोंद आताच व्हायला हवी, कारण हाली रुपया दुर्मीळ नसल्यामुळेच धोक्यात आहे. चांदीचा भाव वाढला की घरातली जुनी नाणी तोळ्यावर मोडली जातात आणि त्यांच्यासोबत ठशांचा पुरावा मुशीत वितळतो. जमिनीत किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीत दडवलेले धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याने परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परंतु घरात वारशाने आलेली नाणी नोंदवण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. शतांश ग्रॅमपर्यंत वजन, व्यास, दोन्ही बाजूंची वर्षे, दोन बाजूंच्या आकृत्यांमधला कोन, बाजूने पाडलेल्या प्रकाशात काढलेली दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि नाणे कोणत्या गावातून आले एवढी माहिती पुरेशी आहे; नाणे घासू नये, उजळू नये, आणि मालकाचे नाव जाहीर करण्याची गरज नाही. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, घनसावंगी, बदनापूर, जाफ्राबाद आणि जालना या आठही तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या शिक्षकांनी, सराफांनी आणि जुन्या घराण्यांनी, नाणे ठेवायचे असो वा मोडायचे असो, त्याआधी एवढी नोंद करून ठेवावी, अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.